शेंगीला नववा लागला

प्रिय शालन,

शेंगीच्या बाळंतपणाला नेमकं काय लागलं, ते आज दुपारी बसून मांडलं. तुझी एक वाकळ गेली. माझ्या डाव्या पायाची चप्पल गेली. उजवी शाबूत आहे, तिचं काय करू ते सांग. नऊ आठवडे माझ्या वाटणीची उकडलेली अंडी गेली. तुझ्या भावाशी दोन दिवस अबोला झाला. आणि दारात टेंपो घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी माझ्या तोंडानं पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाकडं पाठवलं. हो, त्याच दुकानाकडं! बसली असशील तिथं कपाळाला हात लावून.

पत्राला कारण असं की उद्या बारसं आहे. पाच पिल्लांचं. हसू नकोस, हे माझ्या डोक्यातलं नाही. शेजारच्या नरसम्मा अक्कांनी काढलंय. बारावा दिवस म्हणजे बारावा, त्यात माणूस का कुत्रं हे बघायचं नसतं, असं त्या दारात विड्या वळता वळता म्हणाल्या आणि विषय संपला. आज सकाळी त्यातल्या एकानं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटून घेतला. फार काही आवडलं नसावं. तेव्हाच ठरवलं, आता शालनला कळवायला पाहिजे. तुला जाऊन दीड वर्ष झालं, पण घरातली बातमी आधी दुसऱ्या कुणाला सांगायची सवय अजून लागत नाही.

आठवतं का, शेंगीला तू कशी आणलीस? सांगोल्याकडं माहेरी, बिरूच्या मेंढरांच्या वाड्यावर दोन दिवस राहायला म्हणून गेलीस आणि भाजीच्या पिशवीत हे तोंड घेऊन आलीस. पहिल्याच जेवणाला तिनं माझ्या ताटातली शेंगाची चटणी चाटली आणि दुपारभर शिंकत बसली. तिथंच नाव पडलं. मी म्हणालो, "या घरात एक तर ही राहील, नाही तर मी." तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "थांबा की, इचार करून सांगते." चार वर्षं झाली, अजून सांगितलं नाहीस!

शेवटच्या उन्हाळ्यात तू खाटेवर होतीस आणि ही खाटेखाली. तेव्हा म्हणाली होतीस, "शेंगीला एकदा तरी पिल्लं होऊ द्या. मग करा तुमचं ते आपरेशन. आन् पयलं बाळंतपण म्हायेरी करायचं, हां!" चेष्टा होती का खरं, ते तुझं कधी कळायचं नाही. वर आणखी एक टोला दिलास. "आन् ह्या येळंला तरी तुमी घरात ऱ्हावा."

तो टोला मला बसायलाच पाहिजे होता. वैशाली झाली तेव्हा मी वेळापूरला एका विहिरीत मोटार सोडत होतो. निरोप आला, मी म्हणालो, एवढा पाइप बसवतो आणि निघतो. नितीनच्या वेळी चक्कीवाल्याची मोटार जळली होती. तू दाराची चौकट धरून उभी होतीस. "आवं, मोटार उद्या बी जळंल, पोर आजच हुनार हाय!" मी गेलो. दोन्ही वेळा परत आलो तेव्हा लेकरू न्हाऊन, गुंडाळून, झोपून मोकळं. पत्र्याची पेटी आणि एक पकड घेऊन या गावात आलो होतो, दुकानाच्या फरशीवर झोपून जळक्या मोटारी दुरुस्त करायचा धंदा उभा केला, एकही काम परत पाठवायचं नाही ही सवय हाडात गेली होती. हे सगळं मी तुला पटवून सांगायचो आणि तू हं हं करायचीस. भांडली नाहीस कधी. फक्त घरी येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट चहाबरोबर द्यायचीस. वैशालीनं ती इतक्यांदा ऐकलीय की तिला वाटतं आपण तिथं समक्ष हजर होतो. तशी होतीच म्हणा ती!

म्हणून शेंगीचं लक्षात आलं तसा तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो आणि मोठ्यांदा बोललो, या खेपेला मी घरात राहणार. नरसम्मा अक्कांनी भिंतीपलीकडून ऐकलं. म्हणजे शिक्काच बसला.

झालं असं. गड्ड्याची जत्रा भरली होती, त्या रविवारी निम्मी गल्ली तिकडं गेली होती. मी दार नुसतं लोटून दुकानात गेलो. परत येतो तर चहाच्या टपरीवरचा काळू आपल्या बोळात, शेंगीजवळ. तोच, ज्याला तू रोज शिळी भाकरी घालायचीस. तेव्हा जावई तुझ्या पसंतीचा आहे, मला बोल लावू नकोस. मी बादली घेऊन धावलो तर अक्का ओट्यावरून म्हणतात, "अन्ना, आता पाणी टाकून काय करता? आता क्यालेंडर काढा."

जनावरांची डॉक्टरीणबाई आहे, वैशालीपेक्षाही लहान दिसते. ती म्हणाली, "काका, त्रेसष्ट दिवस धरा. दोन-चार इकडं तिकडं." घरी येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्रेसष्ट भागिले सात, नऊ! बाईमाणसाला नऊ महिने, शेंगीला नऊ आठवडे. आठवडा म्हणजे महिना! मी स्कूटर बाजूला घेऊन परत एकदा बोटांवर मोजलं. बरोबर. घरी येऊन कॅलेंडरवर लाल पेनानं प्रत्येक रविवारी लिहिलं, पहिला सरला, दुसरा सरला, असं खाली खाली नवव्यापर्यंत. बाईला दाखवलं तर ती म्हणाली, "असं काही शास्त्रात नाही, काका, पण लक्षात ठेवायला बरंय." शास्त्रात नाही म्हणे! मी मोटारी शास्त्र वाचून शिकलो का?

एकदा हिशोब बसला की पुढचं सोपं. तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. म्हणजे तीन आठवडे तोंड बंद. मी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी शुक्रवार पेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. अक्का रागावल्या. "अन्ना, नजर लागते असं. तुमच्या पोटात काय राहतच नाही!" खरंय. म्हणून तर माझ्या पोटात कधी दुखलं नाही.

तिसऱ्यात उलट्या सुरू झाल्या. सकाळी पिवळं पाणी, मग गवत शोधत हिंडायची. वैशालीचा पुण्याहून दर रविवारी फोन असतो, तुला माहीत आहे. त्या रविवारी मी सगळं वर्णन करून सांगितलं. एरवी दोन मिनिटांत "बरं आप्पा, ठेवते" म्हणणारी पोरगी ऐकतच राहिली.

"आप्पा, हे किती दिवस चालतं?"

"बाई म्हणाली आठवडाभर. म्हणजे बाईमाणसाच्या हिशोबानं महिना."

"मग थांबतं ना नक्की?"

"थांबतंय की! शेंगीची काळजी करू नकोस, अंडी खातीय माझी."

पुढच्या रविवारी तिनं आपण होऊन विचारलं, तिला काय खावंसं वाटतं? मी म्हणालो, माझी चप्पल. खोटं नाही, त्याच दिवशी खाल्ली होती. वैशाली खूप हसली. मग म्हणाली, "आणि फोडणीचा वास सहन होतो का तिला?" आता कुत्रीला फोडणीचं काय! पण मी म्हणालो, बघून सांगतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी लसणाची फोडणी घालून शेंगीच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. लसूण जळला, शेंगीला काही झालं नाही.

आणि एकदा विचारलं, "आप्पा, माझ्या वेळी आईला किती दिवस त्रास झाला होता?"

काय सांगू शालन? मी म्हणालो आठवून सांगतो. आठवायला आधी माहीत तरी पाहिजे ना! तू उलट्या करत होतीस का, कुठं करत होतीस, कुणी पाठीवरून हात फिरवला, यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं. मी अक्कांकडं गेलो. त्यांनी विडीचा दोरा दातानं तोडला. "वैशालीच्या वेळी पाचवा लागला तरी शालनक्का मोरीतच. नितीनच्या टायमाला काही नाही, दोन-दोन भाकऱ्या खायची. तुम्हाला माहीत नाही?" आपल्या बायकोची बातमी शेजारणीकडून घेतली मी, तीसेक वर्षं उशिरा. पण तू तरी सांगायचंस की ग एकदा! का सांगितलं होतंस आणि मी मोटारच ऐकत होतो?

माझ्या कानांची गोष्ट तुला माहीत आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते सांगायचं. गावोगावचे लोक त्यासाठी माझ्याकडं येतात. त्या रविवारी फोन ठेवताना मी म्हणालो, पोरगी आईच्या आठवणीनं हळवी झालीय. एवढंच ऐकू आलं.

सातव्यात डोहाळजेवण. गल्लीतल्या बायकांनी केलं. मी नाही म्हणत होतो, अगदी हळू आवाजात. शेंगीला हिरवा कपडा बांधला, गळ्यात माळ, पाटावर बसवली. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. शेंगीनं पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली, वाटी चाटली आणि माळेतली चार फुलंही. अक्का म्हणाल्या, "चला, दोन्ही होणार." म्हातारी बरोबर निघाली बघ, तीन भाऊ आणि दोन बहिणी.

आणि मग माहेर. सातव्यात मुलीला माहेरी न्यायचं असतं आणि तू तर मला बजावून ठेवलं होतंस. दुकानाच्या टेंपोत गादी घातली आणि शेंगीला घेऊन सांगोल्याला गेलो. बिरू वाड्याच्या काट्या सरकवून बाहेर आला, टेंपोत डोकावला आणि मेंढरांकडं तोंड करून हसला. दाजींच्या तोंडावर हसू नये, एवढी रीत आहे त्याला.

"दाजी, आवं कुत्र्याला कसलं म्हायेर!"

"तुझ्या बहिणीनं सांगितलंय."

"आक्कानं? मग काय बोलायचं न्हाय." आणि गप्प गादी उचलायला लागला.

शेंगीची आई अजून आहे तिथं. दात पडलेली म्हातारी, पण वाडा तिचाच. मी शेंगीला पुढं केली. म्हटलं लेक आलीय, नववा जवळ आलाय. म्हातारीनं एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं आणि उरलेल्या दातांनी कानाला धरलं! शेंगी जी टेंपोखाली गेली ती दोन दिवस बाहेर येईना. मी बिरूला म्हणालो, तुझी कुत्री वळण नसलेली. तो म्हणाला, "दाजी, दूद तुटलं की कुत्र्याचं म्हायेर सपलं. तुमी उगाच गाबणीला दगदग केली." मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, भाकरी मात्र त्याच्याच घरची खाल्ली.

तुझा शब्द पाळायला गेलो होतो, शालन. जमलं नाही. परत आलो तर शेंगी टेंपो थांबायच्या आत उडी मारून घरात, तुझ्या खाटेखाली. त्या रविवारी वैशालीला सांगितलं, माहेर काही जमलं नाही बघ.

"आई नसली की माहेर राहत नाही, असंच ना आप्पा?"

"अगं आई होती की! तिनंच तर चावलं."

ती हसली. "मग आता हिचं कोण करणार?"

"मी आहे की."

"तुम्ही?" ती म्हणाली, "आणि त्या दिवशी मोटार जळली तर?"

हे मात्र नीट ऐकू आलं, आणि लागलंही. मी म्हणालो, "नाही जाणार." ती म्हणाली, "बघू." तुझंच "बघू" होतं ते, अगदी तसंच्या तसं.

आठव्यात बाईनं एक्स-रे काढला आणि म्हणाली चार आहेत. मी शेंगीच्या पोटाला कान लावून म्हणालो, पाच. ती म्हणाली, "काका, फोटोत चार डोकी दिसतात." मी म्हणालो, "एक मागं बसलंय." पुढं ते पाचवं बाहेर आलं तेव्हा बाईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणते, "होतं असं कधी कधी." कबूल करायचं नाव नाही!

नववा लागला आणि मी रोज दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी येऊ लागलो. मोटारीच्या खोक्याचा मी झकास पलंग केला होता, आत भुसा, वर पोतं. शेंगीनं त्यात पाय ठेवला नाही. तुझ्या खाटेखाली पायांनी खरवडायची आणि एक दिवस पेटीमागून तुझी ती जुनी वाकळ ओढून काढली, दातांनी फाडून, गोल करून बसली. मी ओरडणार होतो. मग राहू दे म्हटलं. दिवसातून तीन वेळा थर्मामीटर लावायचा. शंभराच्या खाली चांगलं उतरलं की एका दिवसात मोकळी होते, असं बाईचं सांगणं. रविवारी सकाळी अठ्ठ्याण्णव! गड्ड्याच्या रविवारपासून बरोबर नववा रविवार. माझा हिशोब बघितलास? मी दुकान बंद ठेवलं, खाटेजवळ खुर्ची घातली आणि बसलो.

तीनच्या सुमाराला पहिली कळ आली आणि ती मी कानानं ओळखली. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय हे. श्वासाचा सूर बदलतो, बेअरिंग जायच्या आधी मोटारीचा बदलतो तसा. मी अक्कांना हाक मारली. तेवढ्यात वैशालीचा फोन, तोंड दिसणारा. अक्कांनी तो डब्याला टेकवून शेंगीकडं वळवून ठेवला.

पहिलं पिल्लू आलं ते पिशवीसकट. शेंगी त्याच्याकडं नुसती बघत राहिली. पहिलटकरीण, तिला काय कळणार? बाईनं सांगून ठेवलं होतं, मी बोटानं पिशवी फाडली, नाक पुसलं. लेकरू लोळागोळा. हालचाल नाही. वाकळेच्या कोपऱ्यानं चोळायला लागलो. फोनमधून वैशाली म्हणत होती, "आप्पा, काय झालं? आप्पा, बोला ना!"

आणि बरोबर त्याच वेळी दारात टेंपो.

"मालक! आवं मालक! मोटर जळली. सांगोल्यावनं आनलीया. डाळिंबाची बाग धरलीया, तीन दिस झालं पानी न्हाय."

"उद्या," मी म्हणालो. चोळत होतो.

"उद्या? आवं, कळी गळाय लागली की!"

खोटं बोलत नव्हता तो. त्या भागातला आहे मी, पाणी म्हणजे काय ते मला सांगायला नको. एक क्षण हात थांबला, शालन. तुझ्यापासून काय लपवायचं? मग म्हणालो, "पलीकडच्या गल्लीत जा. माणूस कसा का असेना, वायंडिंग चांगलं करतो. माझं नाव सांगा, आज रात्रीच्या आत देईल." तो गेला. मी पिल्लू कानाला लावलं. आधी काहीच नाही. मग टिकटिक, घड्याळापेक्षा बारीक. पुन्हा चोळलं आणि ते चिरकलं! एवढासा आवाज, पण अक्कांनी देवाला हात जोडले आणि शेंगीनं ते माझ्या हातातून हिसकावूनच घेतलं. बाकीची चार तिची तिनं केली. मी नुसता बसून होतो. पण होतो!

साडेपाचला सगळं संपलं. फोनकडं बघितलं तर वैशाली डोळे पुसत होती.

"आप्पा, तुम्ही त्या माणसाला उद्या म्हणालात."

"हो मग! ऐकलंस ना?"

"ऐकलं." मग म्हणाली, "आप्पा, तिसरा सरला."

"कुणाचा तिसरा? हिचा नववा सरला आत्ता."

तिकडं वैशाली हसायला लागली, इकडं अक्का. "अन्ना, पोरीचा! पोरीचा तिसरा सरला. मी सहा रविवार ऐकते भिंतीतून. तुम्हाला कळलं नाही?"

नाही कळलं. उलट्या किती दिवस, फोडणीचा वास, आईला किती त्रास झाला होता. पोरगी आईला विचारायचं ते सगळं मला विचारत होती आणि मी तिला कुत्रीचं सांगत होतो! त्यातल्या त्यात बरं एवढंच की सगळं खरं सांगितलं. आठवड्याचा महिना करून घेतला असेल तिनं, हुशार आहे.

मग ती म्हणाली, तिच्या सासूबाई म्हणतात पुण्यातच करू बाळंतपण, आई नाहीत तर तिकडं कोण बघणार? "मीही हो म्हणणार होते, आप्पा. आज ठरवलं. मी सोलापूरला येणार. चालेल ना?"

मी खाली वाकून शेंगीची वाकळ सारखी करत बसलो. चालेल म्हणून अक्कांनीच फोन हातात घेऊन सांगितलं.

पिल्लांतलं एक बिरू नेणार आहे, मेंढरांमागं. सांगताना आवाजात जरा ऐट होती, दाजींनी माघार घेतली म्हणून. एक अक्का ठेवतील, दोघांना घर शोधतोय. पहिलं, ते चिरकलेलं, माझ्याजवळ राहील. नाव वैशालीनं सुचवलंय, उद्या पाळण्यात सांगू. तोवर तुलाही नाही.

तेव्हा वचन देतो, शालन. सातव्यात वैशालीला आणायला मी जाईन, टेंपोनं नाही, चांगल्या गाडीनं. नववा लागला की शटर खाली. या खेपेला महिना म्हणजे महिनाच. मोरीपाशी पाठीवरून हात फिरवायला अक्का असतील, आणि दवाखान्याच्या बाकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत मी असेन. सांगोल्याहून काय, खुद्द सोलापूरची पाण्याची मोटार जळली तरी.

आणि ती पहिली कळ मी ऐकली म्हणून सगळ्यांना सांगत फिरतोय ना, तेव्हा मी खुर्चीत घोरत होतो. शेंगीनं लुंगी ओढून उठवलं.

तुझा,
नामदेव